‘बेससाठी स्पीकर पंधरा इंचीच हवा’: एका फॉरवर्डला उत्तर

महिन्याभरात तोच मेसेज मला चार जणांकडून आला. एकाने खाली लिहिलं होतं, “दादा, घ्यायच्या आधी तुला विचारतोय.” म्हणून हे लिहायला बसलो.

मेसेजातलं म्हणणं थोडक्यात असं. गिगला, म्हणजे कार्यक्रमाला, बेस गिटार वाजवायचा तर स्पीकर पंधरा इंचीच हवा, दहा इंचीतून खर्ज निघत नाही. फार तर खाली पंधरा आणि वर चार दहा लावा, म्हणजे खालचं खाली, वरचं वर. वॅट जास्त तितका आवाज जास्त, आणि अ‍ॅम्प कॅबिनेटवर, म्हणजे स्पीकरच्या पेटीवर, लिहिलेल्या वॅटपेक्षा लहान असला की स्पीकरला धोका नाही. बेसची लाट सत्तावीस फुटी, ती स्टेजवर तयारच होत नाही, तेव्हा स्वतःला ऐकू आला नाही तर घाबरू नका. आणि शेवटी, हल्ली सगळीकडे पीए, म्हणजे लोकांसाठी लावलेली साउंड सिस्टिम, असतो, त्यामुळे कॅबिनेट घेऊच नका. पहिल्या ओळीत पंधरा इंची घ्या आणि शेवटच्या ओळीत घेऊच नका! असो.

पंधरा इंचीपासून सुरू करतो, कारण त्या एका वाक्यापायी माझे पैसे गेलेत.

स्पीकर किती हवा हलवतो हे कोनचं, म्हणजे स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याचं, क्षेत्रफळ आणि तो पुढेमागे किती जातो, या दोहोंवर ठरतं. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं. पंधराचा वर्ग २२५, दहाचा १००. म्हणजे दोन दहा इंची मिळून एका पंधराच्या जवळपास जातात आणि चार दहा इंची त्याला जवळजवळ दुपटीने मागे टाकतात. हे शाळेतलं गणित झालं. त्याच्यावर पेटीचा आकार, ती बंद की पोर्टवाली (हवा जायला भोक ठेवलेली), पोर्ट कुठल्या सुराला लावलाय, हे सगळं येतं. लहान पेटीत कोंबलेला पंधरा इंची खर्जात एखाद्या मोठ्या पेटीतल्या दहा इंचीच्या मागे सहज पडतो. खोल खर्ज, लहान पेटी आणि कमी वॅटमध्ये मोठा आवाज या तिन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत. दोन पदरात पाडून घ्यायच्या, तिसरी सोडायची.

आता गंमत बघा. रॉकच्या स्टेजवर बेसमागे उभं राहणारं सगळ्यात नावाजलेलं कपाट म्हणजे अ‍ॅम्पेगचं एसव्हीटी. १९६९ साली आलं, ३०० वॅटचं हेड (म्हणजे अ‍ॅम्पचा सुटा डबा) आणि बंद पेटीत दहा इंचीचे आठ स्पीकर. त्याच घराण्यातल्या ८१०ई कॅबिनेटच्या माहितीपत्रात खालची मर्यादा ५८ हर्ट्झ लिहिलेली असते. तिथेच आवाज ३ डेसिबलने उतरलेला असतो. बेसची मोकळी ई तार मात्र ४१ हर्ट्झला बोलते. मग पन्नासेक वर्षं लोकांना खर्ज ऐकू आला तो कसा?

मोबाइलवर तानपुऱ्याचं अ‍ॅप लावा, काळी एक. खर्जाची तार साधारण ६९ हर्ट्झची. मोबाइलच्या बोटभर स्पीकरातून ६९ हर्ट्झ बाहेर पडणं शक्यच नाही, तरी तुम्हाला खर्ज ऐकू येतो आणि तुम्ही त्याच्यावर सा लावता. त्याच तारेतून आपोआप निघणारे वरचे स्वयंभू सूर ऐकून खालचा मूळ सूर कान स्वतः भरून काढतो. बेसचंही तेच. ई तारेचा आवाज बँडमध्ये उठून येतो तो प्रामुख्याने ८२ आणि १२३ हर्ट्झच्या आसपास, आणि ते काम दहा इंची चोख करतो. पंधरा इंची वाईट असतो असं मी म्हणत नाही. एखाद्याचा गोल, मऊ आवाज मला आवडतोही. पण तो आवडीचा प्रश्न आहे. नुसत्या इंचांवरून खर्ज कळत नाही.

‘खाली पंधरा, वर चार दहा’ हे दिसायला झकास. पण मध्ये क्रॉसओव्हर (खालचे आणि वरचे सूर वेगळे करणारं सर्किट) नसेल तर दोन्ही पेट्यांना तोच सिग्नल जातो. खालचं खाली, वरचं वर असं कोणी वाटून देत नाही. दोन्ही ८ ओहमच्या (म्हणजे सारख्याच रोधाच्या) असल्या तर वॅटही निम्मे-निम्मे. म्हणजे जेवढा भार चार भाऊ मिळून उचलतात तेवढाच एकट्या पंधराच्या डोक्यावर. तोच आधी मान टाकतो.

आता वॅट. हेड ३०० वरून ६०० वॅटचं केलं तर वाढतात फक्त ३ डेसिबल, आणि आवाज कानाला दुप्पट वाटायला १० च्या आसपास लागतात. त्याउलट कॅबिनेटच्या माहितीपत्रात एका वॅटला एक मीटरवर किती डेसिबल हा आकडा असतो, तो दुकानात कोणीच विचारत नाही. ९४ वाल्या कॅबिनेटवर ६०० वॅट आणि १०० वाल्यावर १५० वॅट, आवाज तेवढाच.

अ‍ॅम्प लहान म्हणजे स्पीकर सुरक्षित, हे वाक्य वाचलं की मला मुंबईत इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडवरचा एक जिना आठवतो. माझं सेकंडहँड पंधरा इंची कॅबिनेट होतं, पोर्टवालं, आकाराने आटोपशीर, पाठीवर ४०० वॅट लिहिलेलं. हेड ३०० चं. कागदावर सगळं सुरक्षित. नवरात्रात उघड्या मैदानावर कार्यक्रम, भिंत नाही, छत नाही, खर्ज कुठे उडून जातोय कळेना. मी बेसचं बटण पूर्ण फिरवलं आणि पाच तारी बेसची बी तार जोर लावून वाजवत राहिलो. दुसऱ्या गाण्यात पेटीतून पत्र्याचं डबडं हलवल्यासारखा आवाज. दुसऱ्या दिवशी त्या जिन्यावरच्या कारागिराने स्पीकर मांडीवर उताणा घेतला, दोन्ही अंगठे कोनवर ठेवून हलकेच दाबले आणि कान जवळ नेला. खर्र. पुन्हा दाबला, पुन्हा खर्र. “कॉईल जळली नाय, भाऊ. आपटून आपटून वाकडी झालीय.”

झालं होतं ते असं. कॅबिनेटवरचे वॅट सांगतात कॉईल (कोनला हलवणारी तारेची गुंडाळी) किती उष्णता सोसेल. कोन किती पुढेमागे जाऊ शकतो, हे तो आकडा सांगत नाही. पोर्टवाल्या पेटीत पोर्टच्या सुराखाली उतरलं की आतली हवा कोनला धरून ठेवत नाही, तो मोकाट सुटतो. बी तार ३१ हर्ट्झची, म्हणजे त्याच्या खूप खाली. वर बेसचं बटण १२ डेसिबलने चढवणं म्हणजे त्या पट्ट्यात सोळा पट वॅट मागणं. ३०० वॅट त्याला पुरून उरले. तेव्हापासून माझ्या पेडलबोर्डवर ३५ हर्ट्झचा हाय-पास फिल्टर (त्याखालचे सूर कापणारा) कायम चालू असतो.

ओहमबद्दल मेसेज गप्प आहे, आणि नवी मुलं घोळ घालतात तो तिथेच. बहुतेक ट्रान्झिस्टर आणि क्लास-डी हेडांना किमान ४ ओहम चालतात. ८ ओहमच्या दोन पेट्या जोडल्या की ४ होतात. ४ ओहमच्या दोन जोडल्या की २, आणि हेड तापून भर कार्यक्रमात बंद पडतं. त्यामुळे पहिली पेटी ८ ओहमची घ्यावी, दुसरीला जागा राहते. व्हॉल्व्हच्या हेडाला स्पीकर न जोडता चालू करू नये. आणि पेटीला गिटारची वायर लावू नये, स्पीकरचीच लावावी. पुढे जातो.

सत्तावीस फुटी लाट. आकडा खरा आहे: आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर, भागिले ४१, साधारण ८.४ मीटर, म्हणजे २७ फूट. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र साफ चूक. लाट ऐकू यायला आधी पूर्ण उलगडावी लागत असती तर इयरफोनमध्ये बेस आलाच नसता. कानाला हवेचा दाब बदललेला कळतो, तेवढं पुरतं.

मग स्टेजवर बेस गायब होतो तो का? परळला आमची सरावाची खोली होती, एका बाजूने चौदा फूट. मी बरोबर मधोमध उभा राहायचो, कारण ड्रमवाल्याने कोपरा धरलेला. ई तार छेडली की आवाज पातळ, जणू कोणी मागून चोरून नेला. एकदा वायर सोडवायला भिंतीपाशी गेलो, एका हाताने ई वाजवत, आणि छातीत धाडकन घुमला. समोरासमोरच्या भिंतींमध्ये चौदा फूट असले की ४० हर्ट्झच्या आसपासची लाट तिथे अडकून उभी राहते. भिंतीशी जोर, मध्यावर जवळजवळ शून्य. तीन पावलं सरकलो असतो तर काम झालं असतं; मी मात्र दोन वर्षं कॅबिनेटला शिव्या घातल्या. दुसरं कारण याहून साधं आहे. पेटी जमिनीवर, स्पीकर पोटऱ्यांकडे तोंड करून. वरचे सूर सरळ रेषेत जातात, ते गुडघ्याला ऐकू येतात, कानाला नाही. पेटी खुर्चीवर ठेवा किंवा मागे तिरकी करा, बोटांचा प्रत्येक ठोका ऐकू येईल. ऐकू येत नसेल तर घाबरूच नका, हा सल्ला सगळ्यात घातक, कारण मग माणूस आवाज वाढवत सुटतो आणि पहिल्या रांगेला गायकाचा शब्द कळत नाही.

राहिला पीए. इथे मेसेज अर्धा बरोबर आहे. नाट्यगृहात, मोठ्या स्टेजवर, डीआय बॉक्समधून (बेसचा सिग्नल थेट मिक्सरला देणाऱ्या डबीतून) लाइन साउंडवाल्याकडे जाते, समोरच्या लोकांना ऐकू येतं ते तिथून. तुमचं कॅबिनेट फक्त तुमच्यासाठी आणि ड्रमवाल्यासाठी. तिथे कानातलं मॉनिटर असेल तर बिनधास्त रिकाम्या हाताने जा. पण लग्नाच्या संगीताला, सोसायटीच्या हॉलमध्ये, छोट्या पबमध्ये पीए म्हणजे स्टँडवरचे दोन टॉप स्पीकर, खर्जाचा वेगळा सब नाही. त्यांच्यातून गायक, कीबोर्ड, ऑक्टोपॅड आधीच जातंय. त्यात बेस ओतला की सगळ्याचा लगदा. तिथे खर्जाचं काम तुमच्याच पेटीला करावं लागतं.

आणि ती पेटी तिथवर न्यायचीय मुंबईत. अ‍ॅम्पेगचं ते आठ स्पीकरवालं कपाट ६३ किलोच्या घरात. ते भाड्याने स्टेजवर आलं तरच आपलं. काळी-पिवळीच्या डिकीत सीएनजीची टाकी असते, पेटी मागच्या सीटवर बसते आणि तुम्ही ड्रायव्हरशेजारी. लोकलच्या लगेज डब्यात मावते, पण दादरला उतरताना ती एकट्याने उचलता आली पाहिजे, कोणी थांबत नाही. माझ्याकडे आता निओडिमियम चुंबकाची, ८ ओहमची, दोन दहा इंचीची पेटी आहे. मैदानावर कार्यक्रम असला की तशीच दुसरी एका मित्राकडून आणतो. एकाच्या दोन झाल्या की खर्जात ६ डेसिबलच्या आसपास फरक पडतो, आणि प्रत्येक पेटी एका हातात.

विचारणाऱ्या मित्राला मी एवढंच कळवलंय: रविवारी दुकानात जाताना तुझा स्वतःचा बेस घेऊन जा, बेसचं बटण मध्यावर ठेव, दहा फूट लांब उभा राहून वाजव, आणि पैसे द्यायच्या आधी पेटी उचलून जिना एकदा चढून बघ.