परग्रहावरचा टर्किश टॉवेल

मे महिन्यात सोलापुरात पाहुणा येत नाही. आलाच तर लग्नाला, नाहीतर मयतीला. त्यामुळे 24 मेच्या रात्री माझा मेव्हणा पुण्याहून पाठीला भलीमोठी बॅग लावून दारात उभा राहिला, तेव्हा मी आधी घरातली सगळी माणसं मोजली.

"दाजी, उद्या पंचवीस मे!" चप्पल काढायच्या आत तो म्हणाला.

"माहितीय. लाइटबिल भरायचंय."

"टॉवेल डे, दाजी! आणि तुम्ही सोलापुरात राहता!"

मी नुसता सोलापुरात राहत नाही, टर्किश टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो. बावीस वर्षं झाली. टॉवेल मी डझनावर मोजले आहेत, किलोवर मोजले आहेत, जीएसएमवर, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम यावर, मोजले आहेत. आमच्या टॉवेलला आणि चादरीला भौगोलिक मानांकन आहे, हेही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगून झालं आहे. पण टॉवेलचा सण असतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आधी कळलं असतं तर मालकाकडे अर्ध्या दिवसाची सुट्टी मागितली असती. त्याने दिली नसती, तो भाग वेगळा.

जेवताना मेव्हण्याने सगळं समजावून सांगितलं. डग्लस अॅडम्स नावाचा एक इंग्रज लेखक होता. त्याने 1978 साली बीबीसी रेडिओवर आकाशगंगेत फुकट लिफ्ट मागत हिंडणाऱ्यांची एक गंमत लिहिली, पुढच्या वर्षी तिचं पुस्तक झालं, 2005 साली चित्रपट. त्यात म्हणे असं आहे की, आकाशगंगेत फिरणाऱ्याकडे दुसरं काही नसलं तरी चालेल, टॉवेल पाहिजे. 11 मे 2001 ला लेखक वारला. दोन आठवड्यांनी, 25 मेला, त्याचे वाचक खांद्यावर टॉवेल टाकून बाहेर पडले. तेव्हापासून दरवर्षी पडतात. त्यात 'स्टार वॉर्स'ही अमेरिकेत पहिल्यांदा लागला तो 25 मे 1977 लाच. म्हणजे या मंडळींची दिवाळी आणि दसरा एकाच दिवशी.

टॉवेलचं म्हणाल तर त्यात मला नवल वाटलं नाही. एसटी स्टँडवर तुळजापूरची गाडी लागते तेव्हा खिडकीतून आत टॉवेल टाकून जागा धरणारा माणूस त्या इंग्रजाला भेटला असता, तर पुस्तक आणखी जाड झालं असतं.

आता या सगळ्यात मी कसा, ते सांगायला हवं. चूक माझीच. नऊ वर्षांपूर्वी बोनसच्या पैशातून मी कॅमेरा घेतला. सुट्टी मिळाली की सिद्धेश्वर तलाव, भुईकोट किल्ला, हिप्परग्याचा तलाव, नळदुर्गचा पाणीमहाल, फार झालं तर विजापूर. फोटो काढायचे आणि नातेवाइकांना मोबाइलवर पाठवायचे. सिद्धेश्वराच्या देवळावर मावळतीचं ऊन पडलेलं असावं, पाण्यात प्रतिबिंब हलत असावं, त्यासाठी मी दीड तास तलावाकाठी डास मारत बसलेलो असावं, आणि फोटो पाठवल्यावर बावीस जणांनी हात जोडावेत. ते हात मला जोडलेले नसतात. गोलघुमटाचा फोटो पाठवला तर आतेभाऊ लिहितो, "आम्ही 98 ला गेलो होतो. पार्किंगला फार त्रास झाला."

हे दुःख मी एकदा मेव्हण्याजवळ बोललो. त्याने लगेच मला त्याच्या मित्रमंडळात घुसवलं. तिथे सगळे विज्ञानपटांचे वेडे. प्रवासाला जातात तेही चित्रपटातल्या जागा बघायला, आणि फोटो टाकतात ते परग्रह म्हणून. एकजण ट्युनिशियाला जाऊन आला होता. 'स्टार वॉर्स'मधला वाळवंटी ग्रह तिथे चित्रित केला आणि त्याचं नावही तिथल्या टाटाविन गावावरून घेतलं. त्या ग्रहाला दोन सूर्य आहेत, असं तो कौतुकाने सांगत होता. आम्हाला एकच आहे, पण मेमध्ये तो दोघांची कामं उरकतो. दुसरा जॉर्डनमधल्या वादी रमला गेलेला. तिथे 'द मार्शियन'चा मंगळ झाला आणि 'ड्यून'चं वाळवंटही. एकाच वाळूने दोन ग्रहांची कामं केली, आणि आमच्याकडे एका नळाला दोन वाड्यांना पाणी देणं जमत नाही.

या लोकांत मी बिचकत हिप्परग्याचा सूर्यास्त टाकला. केशरी आभाळ, पाण्यात काळी होडी. पाच मिनिटांत उत्तर आलं: "सूर्यास्त चुकलाय. मंगळावर सूर्याभोवतीचं आभाळ निळसर दिसतं. 2015 मध्ये मंगळावरच्या क्युरिऑसिटी गाडीने पाठवलेले फोटो बघा. तिथली बारीक धूळ निळा प्रकाश पुढे जाऊ देते."

मी लिहिलं, "हा मंगळ नाही, हिप्परगा आहे."

"मग तसं सांगायचं ना."

आता हिप्परग्याचा तलाव हिप्परगा आहे, हे सांगावं लागेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

तर 25 मे. पहाटे साडेचारला मेव्हण्याने उठवलं. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापुरात भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि माणसाची सावली पायाखाली दडून बसते. 25 मेलाही फारसा फरक नसतो. छायाचित्राला छाया लागते, तेव्हा काय ते सकाळी आठच्या आत. मी कारखान्यातून सेकंडचे चार टॉवेल आणून ठेवले होते. सेकंड म्हणजे ज्यात दोष निघाला असा माल. चारही मरून.

"दाजी, लाल मातीत मरून टॉवेल दिसणार नाही," मेव्हणा म्हणाला, आणि त्याची नजर कपाटाकडे गेली.

त्या कपाटात पाहुण्यांचा टॉवेल असतो. पिस्ता रंगाचा, गुलाबी काठाचा, डांबराच्या गोळ्यांच्या सहवासात वाढलेला. नाव पाहुण्यांचा, पण आजवर एकाही पाहुण्याला तो मिळालेला नाही. बायको झोपली होती. मेव्हणा तिचाच भाऊ. मी तोंड फिरवून उभा राहिलो, एवढाच माझा गुन्हा.

तुळजापूर रोड सोडून आत गेलं की मुरमाची एक खाण आहे. जागा मीच दाखवली, अभिमानाने. तांबूस उभे कडे, मधे ओरखडे काढल्यासारखे जेसीबीच्या दातांचे वळ, खाली चाकोऱ्या, कुठे गवताची काडी नाही. मेव्हणा बघतच राहिला. म्हणाला, दाजी, मंगळाचा पृष्ठभाग बहुतेक बेसॉल्टचाच आहे, आपलं दख्खनही बेसॉल्टचं. लोखंड गंजतं म्हणून दोन्हीकडे लाल. व्हिसा काढून जॉर्डनला जायचं कशाला? मला पहिल्यांदाच सोलापूरकर असल्याचा आंतरग्रहीय अभिमान वाटला.

तो पाच मिनिटं टिकला. कारण परग्रहावरचा प्रवासी मी व्हायचं होतं.

"चेहरा झाकलेलाच असणार दाजी, म्हणून तर तुम्ही," असं तो म्हणाला. अंगावर घरची जेकार्डची सोलापुरी चादर झग्यासारखी गुंडाळली, डोक्यावर पिस्ता टॉवेल, डोळ्यांना मुलाचा पोहण्याचा चष्मा. सोलापुरी चादर ही वस्तू थंडीसाठी केलेली आहे आणि ती आपलं काम चोख करते. पावणेसहाच्या सुमारास सूर्य वर आला, सहाला माझ्या पाठीतून ओघळ सुरू झाला. मेव्हणा लांबून ओरडत होता, "दाजी, दूर क्षितिजाकडे बघा! तुमचं यान बिघडलंय! तुम्ही एकटे उरलाय!" हे सगळं मला अभिनयाशिवाय जमत होतं.

क्षितिजाकडे चालताना टॉवेल वेड्या बाभळीला अडकला. मेव्हणा म्हणाला, ओढा. ओढू नये! टर्किश टॉवेलला दोन ताणे असतात, एक घट्ट आणि एक सैल. सैल ताण्याच्या सुताचे उभे फास, तीच त्याची मऊ लव. एक फास ओढला की शेजारचे आत जातात आणि अख्खी रेघ बोडकी होते. फास बाहेर आला तर मुळाशी कात्रीने कापायचा, बास. मी त्या काट्यातून एकेक फास नखाने सोडवत उकिडवा बसलो. पाहुण्यांचा टॉवेल होता. घरी परत न्यायचा होता. मेव्हण्याने तेवढ्यात बारा फोटो काढले.

आणि टिपर आला.

टिपर वळणावर थांबला. ड्रायव्हरने काचेतून तीन पायांचा स्टँड पाहिला, त्यावरचं यंत्र पाहिलं, झग्यातला मी पाहिला, आणि गाडी होती तशी मागे घेतली. आमच्याकडे रानात तीन पायांचा स्टँड दिसला की त्याचा अर्थ एकच: मोजणी. आणि मुरमाच्या खाणीत पहाटे मोजणी म्हणजे तहसीलचं पथक. पंधरा मिनिटांत पांढरी बोलेरो धुरळा उडवत आली. त्यातून पांढरेशुभ्र कपडे, काळा गॉगल, गळ्यात बोटाएवढी साखळी आणि काखेत फाइल असे मालक उतरले.

"नमस्कार साहेब. कुठल्या ऑफिसचे?"

"आम्ही हौशी आहोत," मेव्हणा म्हणाला.

"हौशी म्हणजे कुठल्या खात्यात येतं?"

मी चष्मा काढून घाईघाईने म्हणालो, "नाही हो, आपलं असंच."

'असंच'चा त्यांनी भलताच अर्थ घेतला असावा. फाइल उघडून म्हणाले, "हे बघा, रॉयल्टी भरलेली आहे. किती ब्रास मुरूम काढला, किती पैसे भरले, सगळ्या पावत्या आहेत."

"आम्हाला ब्रास नको, फक्त बॅकग्राउंड पाहिजे," मेव्हण्याने समजूत घातली.

"बॅकग्राउंड आपलं चांगलंय साहेब. कुणालाही विचारा. एक केस होती, ती मिटली."

शेवटी मेव्हण्याने कॅमेऱ्यातले फोटो दाखवले. मालकांनी गॉगल वर केला, बराच वेळ पाहिलं, मग ड्रायव्हरला म्हणाले, "का बे, मोजणीवाले म्हणलास आणि हे तर पिच्चरवाले!" जीव भांड्यात पडलेला माणूस किती प्रेमळ होतो! जवळच्या टपरीवरून चहा आला. मेव्हण्याने त्यांना मंगळ, बेसॉल्ट, गंजलेलं लोखंड सगळं सांगितलं. मालक मन लावून ऐकत होते.

"म्हणजे मंगळावर सगळा मुरूमच?"

"तसंच म्हणा."

"कुणी काढतंय का तिथं?"

"अजून तरी नाही."

ते थोडा वेळ आभाळाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "वाहतूक परवडायची नाही."

मग त्यांना स्वतःचा फोटो हवा होता. जेसीबीच्या बकेटमध्ये ते बसले. बकेट वर उचलली, मागून तिरपं ऊन, खाली लाल धूळ. घाम फार येत होता म्हणून त्यांनी हात पुढे केला आणि मी, वाकलेल्या मानेचा हिशेबनीस, डोक्यावरचा टॉवेल काढून दिला. त्यांनी तोंड पुसलं, मान पुसली आणि टॉवेल खांद्यावर टाकला. फोटो झाला. बोलेरो गेली. टॉवेल खांद्यावरच होता. त्या खांद्यावरून टॉवेल परत मागायची माझी छाती नव्हती. मेव्हण्याची होती, पण तो फोटो झूम करून बघत होता.

त्या रात्री मित्रमंडळात फोटो गेले. माझ्या बारा फोटोंवर चर्चा झाली ती अशी: झग्यावर मोर दिसतोय, परग्रहावर मोर कसा? उकिडवा बसलेला फोटो बघून एकाने विचारलं, "प्रवासी इथे नेमकं काय करतोय?" मी उत्तर दिलं नाही. मालकांच्या फोटोवर मात्र लोक तुटून पडले. कुठल्या चित्रपटातला हा खलनायक? वेशभूषा कुणाची? खाणग्रहाचा सरदार वाटतो! ट्युनिशियावाल्याने तर "या माणसाला टॉवेलचा खरा अर्थ कळला आहे" असं लिहिलं.

मेव्हण्याने तो फोटो मालकांना पाठवून दिला आणि पुण्याला निघून गेला. मी पंधरा दिवस कपाटाजवळून जाताना खोकत होतो.

पंधरवड्यानंतरच्या रविवारी बायकोला घेऊन नव्या पेठेतून स्कूटरवर परत येत होतो. सात रस्त्याला सिग्नल लागला. समोर वीस फुटी फ्लेक्स. मालकांचा वाढदिवस. बकेटमध्ये ते, मागे लाल कडे, आभाळात फ्लेक्सवाल्याने स्वतःच्या मनाने टाकलेले दोन चंद्र आणि एक सिद्धेश्वराचं देऊळ. खाली शुभेच्छुकांच्या चाळीस चेहऱ्यांत, तिसऱ्या ओळीत, पोहण्याचा चष्मा लावलेला एक चेहरा, आणि त्याखाली 'फोटोवाले साहेब'. नऊ वर्षांत पहिल्यांदा माझं काम एवढ्या लोकांनी पाहिलं होतं, तेही वीस फुटी. मी मान वर करून बघतच राहिलो. मागून हॉर्न वाजायला लागले.

"अहो," बायको मागून म्हणाली. आवाज अगदी शांत होता. "त्या माणसाच्या खांद्यावर काय आहे?"