इक्सी म्हणजे जास्त यश? तसं नाही

‘आयव्हीएफपेक्षा इक्सी केव्हाही सरस, सरळ तीच करा’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे. दोन्ही शरीराबाहेर, प्रयोगशाळेत गर्भ तयार करण्याच्या (‘टेस्ट ट्यूब बेबी’) पद्धती आहेत. इक्सीत एकच शुक्राणू बारीक सुईने थेट स्त्रीबीजात सोडतात. साध्या आयव्हीएफमध्ये बीजाभोवती हजारो शुक्राणू ठेवतात आणि फलन (बीज-शुक्राणूचं मीलन) आपसूक होतं. शुक्राणू फारच कमी किंवा मंद असतील, शस्त्रक्रियेने काढावे लागले असतील, किंवा आधी फलनच झालं नसेल, तर इक्सी खरंच वरदान आहे. पण शुक्राणू ठीक असतील तर? व्हिएतनाममध्ये अशा १,०६४ जोडप्यांवर चाचणी झाली, २०२१ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. पहिल्या भ्रूणरोपणानंतर (तयार गर्भ गर्भाशयात सोडल्यावर) जिवंत बाळ: इक्सीत ३५ टक्के, आयव्हीएफमध्ये ३१. हा फरक संख्याशास्त्रीय कसोटीवर टिकला नाही, म्हणजे तो निव्वळ योगायोगही असू शकतो. वय वाढल्याने खालावलेला बीजांचा दर्जाही सुईने सुधारत नाही. कर्ज काढून उपचार घेणाऱ्यांनो, ‘आम्हाला इक्सी कशासाठी?’ हे डॉक्टरांना जरूर विचारा.