गुडघा बेअरिंग नाही, चालणं सोडू नका

थंडी पडली की आमच्या बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्या घरगुती ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरायला लागतो. त्यातला मजकूर साधारण असा : 'गुडघा म्हणजे गाडीचं बेअरिंग. जितकं वापराल तितकं झिजणार. पन्नाशीनंतर चालणं कमी करा, पायऱ्या टाळा, व्यायाम तर नकोच. संपलेलं वंगण भेंडीच्या पाण्यानं भरून काढा. एक्स-रेत गॅप कमी दिसली की ऑपरेशनशिवाय इलाज नाही.' हा मेसेज खरा मानून घरात बसलेल्या बायका मला फिजिओथेरपीच्या कामात सतत भेटतात. त्यांचं हे नुकसान टाळता येण्यासारखं आहे, म्हणून लिहिते.

'वापराल तितकं झिजणार.' बेअरिंग लोखंडाचं असतं, गुडघ्यातली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, जिवंत असते. तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या नाहीत. तिचं पोषण सांध्यातल्या द्रवातून होतं, आणि दाब पडून सुटला की तो द्रव तिच्यात खेळतो. पाऊल टाकलं, उचललं की हेच घडतं. पाय हललाच नाही तर कूर्चेची उपासमार होते. 2017 साली पळणाऱ्यांवरच्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला. हौसेनं पळणाऱ्यांत गुडघ्याचा किंवा खुब्याचा झिजेचा संधिवात 3.5 टक्के होता, न पळणाऱ्या बैठ्या लोकांत 10.2 टक्के. स्पर्धेसाठी पळणाऱ्यांत मात्र तो 13.3 टक्के निघाला. म्हणजे अति वाईटच. पण बेळगावात व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर सकाळी फेऱ्या मारणाऱ्यांनी घाबरून घरी बसायचं काही कारण नाही.

'व्यायाम नकोच.' मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हेच. इथं आमच्याकडची आणखी एक समजूत त्याला येऊन मिळते : "दिवसभर राबतोय की, आणि कसला व्यायाम करायचा?" निपाणीत मांडीवर सूप घेऊन विड्या वळणारी बाई बघा. बोटं क्षणभर थांबत नाहीत, पण गुडघे तासन्‌तास दुमडलेलेच. उठायची वेळ आली की एक हात जमिनीवर, दुसरा भिंतीला, आणि तोंडातून 'आई गं'. खानापूरकडं रोप लावणीत दिवसभर कमरेत वाकून राहायचं, वडगाव-शहापुरात मागावर बसून राहायचं. शरीर थकतं हे खरंच, त्या कष्टाला मी कमी लेखत नाही. पण गुडघा सांभाळणारा मांडीच्या पुढचा स्नायू अशा कामानं बळकट होत नाही. दुखतं म्हणून पाय कमी वापरला की तो आणखी बारीक होतो, आणि सगळा भार सांध्यावर येतो.

त्या स्नायूसाठी साधन लागत नाही. पाय लांब करून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, ती खाली दाबा, पाच आकडे मोजा, सोडा. असं दहा वेळा. ते सोपं वाटायला लागलं की भिंतीला टेकवलेल्या खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठा आणि बसताना धपकन न बसता सावकाश बसा. विड्या वळताना अधूनमधून पाय पसरून घोटे हलवले तरी फरक पडतो.

करताना थोडं दुखतं. डेन्मार्कमध्ये 2013 पासून गुडघ्या-खुब्याच्या झिजेच्या रुग्णांसाठी सहा आठवड्यांचा व्यायाम कार्यक्रम चालतो. तिथला नियम मला फार उपयोगी वाटतो : दुखण्याला शून्य ते दहा गुण द्या, पाचापर्यंत चालेल, पण 24 तासांत ते पूर्वीइतकं खाली आलं पाहिजे. नाही आलं तर पुढच्या वेळी कमी करा, बंद करू नका. दुखणं पूर्ण जाईल असं मी कुणालाच सांगत नाही. कमी होतं आणि उठबस सुधारते, एवढं नक्की. सोडून दिलं की हा फायदा काही महिन्यांत ओसरतो, म्हणून चालू ठेवावं लागतं.

पायऱ्यांचं म्हणाल तर चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी, आणि कठडा धरायचा.

भेंडीचं पाणी आवडत असेल तर प्या, पण तिचा चिकटपणा पोटातून गुडघ्यात जात नाही. सांध्यातला द्रव सांध्याचं अस्तर तयार करतं. त्यापेक्षा वजन बघा. जाड माणसाचं एक किलो उतरलं की दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो.

एक्स-रेतली गॅप, म्हणजे दोन हाडांमधली मोकळी जागा, आणि दुखणं यांचा मेळ नेहमी बसत नाही. फोटो खराब असूनही मजेत चालणारी माणसं आहेत. ऑपरेशन काहींना खरोखर लागतं, पण व्यायाम आणि वजन यांवर मनापासून मेहनत घेतल्यानंतरच त्याचा विचार व्हावा. आणि ऑपरेशननंतरही व्यायाम चुकत नाहीच.

एक गोष्ट मात्र मेसेजमध्ये अजिबात नाही. सगळी सांधेदुखी झिजेची नसते. झिजेच्या दुखण्यात सकाळचा आखडलेपणा बहुधा अर्ध्या तासात सुटतो. तो तासाहून जास्त टिकत असेल, दोन्ही हातांच्या बोटांचे सांधे सुजत असतील, तर तो आमवात (रुमेटॉइड आर्थ्रायटिस), म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटण्याचा आजार, असू शकतो. त्यात औषध लवकर सुरू झालं नाही तर सांधे कायमचे वाकडे होऊ शकतात, नुसता व्यायाम पुरत नाही. आणि एखादा सांधा अचानक लाल, गरम होऊन सुजला, अंगात ताप आला, तर व्यायाम बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा.