सवय गेली नाही, वस्तूच उघडत नाहीत

'लोकांना दुरुस्तीची सवयच राहिली नाही, म्हणून कोपऱ्यावरची दुरुस्तीची दुकानं बंद पडली' हे लेखातलं वाक्य काही पटलं नाही. सवय आहे हो, वस्तूच उघडत नाहीत! जुना पंखा मंदावला की बहुतेक वेळा कपॅसिटर, म्हणजे मोटरला जोर देणारा छोटा भाग, गेलेला असायचा. २.५ मायक्रोफॅरडचा, काड्यापेटीएवढा. वरची वाटी सरकवायची, दोन वायरी बदलायच्या, झालं. आमचा नवा बीएलडीसी (ब्रश नसलेल्या, इलेक्ट्रॉनिक बोर्डावर चालणाऱ्या मोटरचा) पंखा मागच्या महिन्यात थांबला. वीज खूपच कमी खातो, त्याबद्दल तक्रार नाही. पण आतला सर्किट बोर्ड काळ्या रेझिनमध्ये, म्हणजे ओतून घट्ट केलेल्या प्लॅस्टिकसारख्या थरात, पुरलेला. मेकॅनिकने त्यावर नखाने टकटक केली आणि म्हणाला, "अख्खा बदलावा लागेल." बोर्ड त्याच मॉडेलचा हवा, आणि ते मॉडेल केव्हाच बंद झालेलं. वॉशिंग मशीनचे महत्त्वाचे सुटे भाग मॉडेलची विक्री थांबल्यावरही किमान १० वर्षं मिळायला हवेत, हा युरोपीय संघाचा २०२१ पासूनचा नियम उगाच आलेला नाही.

आणखी एक राहिलं. उपनगरातलं असं दुकान उघडं असतं तेव्हा आपण कामावर किंवा गाडीत लटकलेले असतो. परत येईतो शटर अर्धं खाली. याबद्दल लेखात एक ओळही नाही.