न चोरहार्यं, खडू वगळून

विद्याधन चोराला नेता येत नाही, राजाला लाटता येत नाही, भावाभावांत वाटता येत नाही, असं सुभाषितकाराने सांगून ठेवलंय. हेच फळ्यावर सुविचार म्हणून लिहायला जावं, तर खडू चोराने नेलेला असतो. चोर बहुधा शेजारच्या तुकडीचा मॉनिटर आणि त्याला धाडणारे आमचेच सहकारी.

मिळालेला खडू मी आधी मोडतो. अख्खी कांडी फळ्यावर अडकत-सुटत थरथरते आणि किंचाळते. अर्धी केली की गप्प बसते. ती काटकोनात न टेकवता कलती धरायची आणि दर तीन-चार अक्षरांनी बोटांत जराशी फिरवायची, म्हणजे टोक एकाच अंगाने झिजत नाही. नाहीतर ‘विद्या’ बारीक उमटते आणि ‘धन’ जाड. बाहेर तसंच असतं म्हणा, पण फळ्यावर शोभत नाही.

खरी कसोटी ओळीची. एका जागी उभं राहून हात लांबवला की तो खांद्याभोवती कमानीत फिरतो, ओळ उतरणीला लागते आणि शेवटचा शब्द टेबलावर येऊन बसतो. म्हणून हात नव्हे, पाय हलवायचे : दोन शब्द, एक पाऊल. अक्षर दोन इंचांहून लहान नको. शिरोरेषा शब्द पुरा झाल्यावर, एका दमात. एवढं सांभाळेपर्यंत मागच्या बाकावर लोणच्याचा डबा उघडलेला असतो.

बी.एड.ला याला ‘फलकलेखन कौशल्य’ म्हणतात. सूक्ष्म अध्यापनाचं, म्हणजे एकेका कौशल्याच्या छोट्या सराव-पाठाचं, चक्र 36 मिनिटांचं : पाठ 6, प्रत्याभरण (म्हणजे पाठावरचा अभिप्राय) 6, पुनर्नियोजन 12, पुन्हा पाठ 6, पुन्हा प्रत्याभरण 6. समोर आठ-दहा सहाध्यायी, गुणी बाळांच्या भूमिकेत. खऱ्या वर्गात प्रत्याभरण पहिल्याच शब्दाला येतं : “सर, दिसत नाही!” खिडकीचा उजेड फळ्यावर चमकत असतो. खिडकी लावली की पंखा बंद असल्याची आठवण साऱ्या वर्गाला एकदम होते.

पुसताना डस्टर वरून खाली. गोल फिरवलं की भुकटी थेट नाकात. ओलं फडकं मारलं, तर फळा वाळेपर्यंत खडू उमटत नाही, तोवर तोंडी पाढे.

सुविचाराभोवती चौकट आखून ‘पुसू नये’ लिहिलं तरी पुढच्या तासाचे सर आधी तोच कोपरा पुसतात. त्यांना भागाकाराला जागा हवी असते. जाताना खडू मात्र आठवणीने खिशात टाकतात.