किनारा तुला, वीस मार्क मला

देवगडात माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि गेली १८ वर्षं मी लोकांच्या नोट्स छापतोय. इतिहासाच्या, मराठीच्या, डीएडच्या, कुणाच्या तरी वहिनीने कुणाच्या तरी चुलतभावाला दिलेल्या आणि तिसऱ्याच कुणीतरी ढापलेल्या. मशीन घरघरत असताना माणूस करणार काय, तर वाचतो. असं उभ्याउभ्या वाचून वाचून माझा समज झाला की आपल्याला सगळं येतं, फक्त कोणी विचारत नाही. म्हणून वयाच्या ४४ व्या वर्षी बाहेरून एम. ए. मराठीचा फॉर्म भरला. परीक्षा एप्रिलात. एप्रिलात आमच्याकडे लग्नसुद्धा आंब्याला विचारून ठरवतात, पण हे टाइमटेबल काढणाऱ्याला कोण सांगणार.

बाकीचे पेपर ठीक होते. भाषाविज्ञान तर इतक्या वेळा छापलंय की मूळ पानावरचा चहाचा डागपण मला पाठ आहे. घात केला तो एका प्रश्नाने. 'पुढील तीन कवितांची तौलनिक चर्चा करा.' २० मार्क.

सरावासाठी सरांनी तीन कविता दिल्या. एक 'सागरा प्राण तळमळला', सावरकरांना १९०९ साली इंग्लंडात ब्रायटनच्या किनाऱ्यावर सुचलेली. दुसरी 'कोलंबसाचे गर्वगीत', कुसुमाग्रजांच्या १९४२ च्या 'विशाखा'मधली. आणि तिसरी केशवसुतांची, नैर्ऋत्येकडून येणाऱ्या वाऱ्याला उद्देशून लिहिलेली, त्यात त्यांना कोकणातलं आपलं घर आठवतं. केशवसुत मालगुंडचे, म्हणजे आमचे शेजारीच म्हणायचे, मधे अख्खी रत्नागिरी लागते ते सोडा. मी म्हंटलं, जन्म दर्याकाठी गेला, आता दर्याच्या कविता, हे तर घरचंच कार्य.

सहा पानं लिहिली. प्रत्येक कवीला दोन, अगदी पंगतीत वाढल्यासारखी, कुणावर अन्याय नको. पहिल्या पानावर सावरकर लंडनला कसे गेले, तिसऱ्यावर कोलंबस १४९२ मध्ये तीन जहाजं घेऊन कसा निघाला (हे कवितेत कुठेही नाहीये, मी इतिहासाच्या नोट्सही छापतो त्याचा परिणाम), पाचव्यावर केशवसुतांचा जन्म १८६६, निधन १९०५, सुनीत मराठीत कुणी आणलं वगैरे. आणि दर दोन पानांनी एक वाक्य, 'आता आपण पुढील कवितेकडे वळूया.' जसा काय मी शाळेच्या गॅदरिंगचा सूत्रसंचालक आणि हे तिघे बक्षीस घ्यायला स्टेजमागे उभे आहेत. शेवटी लिहिलं, 'अशा रीतीने तिन्ही कविता आपापल्या जागी श्रेष्ठ आहेत.'

सरांनी २० पैकी ७ दिले आणि लाल पेनने लिहिलं, 'तिन्ही निबंध चांगले आहेत. तुलना कुठे आहे?'

मग मी इरेला पेटलो. दुकानातला मोठा कागद घेतला, ए थ्री, त्यावर उभे तीन रकाने आणि आडवे दहा मुद्दे. आशय, निवेदक, प्रतिमा, भाषा, छंद, भाव, असं आणखी काय काय. प्रत्येक खणात एकेक वाक्य भरलं आणि ते सगळं तसंच्या तसं उत्तरपत्रिकेत ओतलं. सावरकरांचा निवेदक व्याकूळ आहे, याउलट कोलंबसाचा उद्दाम आहे, याउलट केशवसुतांचा हळवा आहे. सावरकरांची भाषा संस्कृतप्रचुर आहे, याउलट. मी नंतर मोजलं, 'याउलट' चौदा वेळा आलं होतं. इतकं उलट वाचल्यावर तपासणाऱ्याला उलटी नाही झाली तरच नवल. लेकीने वाचून दाखवायला घेतलं आणि तिसऱ्या मुद्द्याला म्हणाली, बाबा हे एसटीचं टाइमटेबल वाटतंय.

ह्या वेळी ९ मार्क. शेरा असा, 'आता तुलना आहे. निबंध कुठे आहे?'

हापूसमध्ये साका म्हणून एक प्रकार असतो. बाहेरून फळ कसं, पिवळंजर्द, देठाला वास, पेटीत वर ठेवावं असं, आणि कापलं की आत पांढरट, दडस. माझ्या दुसऱ्या उत्तराला साका धरला होता. मुद्दे सगळे होते, पण कापल्यावर आत म्हणायचं असं काही नव्हतंच.

पेपरला आठ दिवस राहिले असताना रविवारी पडवीत आंबे निवडायला बसलो. तीन कलमांचे काढलेले आंबे वेगवेगळ्या क्रेटमध्ये होते आणि माझं डोकं कवितांत, त्यामुळे मी एका कलमाचे आंबे एका पेटीत, दुसऱ्याचे दुसऱ्या पेटीत असे भरायला लागलो. आई बघत होती. म्हणाली, "झिला, झाडावारी पेटी भरतत काय रे कोण?"

खरंच की. गिऱ्हाईक कधी विचारतं का हा आंबा विहिरीकडच्या कलमाचा की गडग्याकडच्या? तिन्ही क्रेट एकत्र ओतायचे आणि हात फळ बघतो. मोठं चार डझनीत, त्याहून लहान पाच डझनीत, मग सहा. डागी बाजूला, पिशवीतून पाव्हण्यांना. एकाच पेटीत पेंढ्यावर तिन्ही झाडांची फळं शेजारी बसतात, आणि तेव्हाच कळतं की गडग्याकडचं कलम ह्या वर्षी कसं बारकं धरलंय. माझी सहा पानं म्हणजे झाडावारी भरलेल्या पेट्या होत्या.

पण एकत्र ओतून निवडायचं कशावरून? आंब्याला आकार आहे, वजन आहे, कवितेला काय लावायचं? मी आईला म्हंटलं, थांब, तुला वाचूनच दाखवतो. हात आंब्यावर आणि तोंडाने कविता.

कोलंबस 'किनारा तुला पामराला' म्हणतो तिथे तिने हातातला आंबा खाली ठेवला. "कोण रे ह्यो? दर्याक पामर म्हणता? पुनवेक नारळ तरी घातल्यान काय कदी?" आमच्याकडे दर्याशी असं बोलायची पद्धत नाही. नारळी पौर्णिमेला सोन्याचा कागद लावलेला नारळ द्यायचा, हात जोडायचे आणि होडी सुखरूप येऊ दे म्हणायचं. मी सांगितलं की सावरकरपण समुद्राला रागावतात, फेसाच्या निमित्ताने मला हसतोस काय म्हणतात, शेवटी माझी आई अगस्तीला सांगेल अशी धमकीच देतात, ज्याने तुला एका आचमनात पिऊन टाकला होता. त्यावर आई जरा विरघळली. "तो रडता. घराकडे येवक मागता. तेचा बोलना चलात."

नैर्ऋत्येच्या वाऱ्याला मात्र तिने अजिबात माफी दिली नाही. "ह्याच पडयेची कौलां उडवल्यान ना तेना? तेका कविता?" मलाही इथे कबूल करायला हवं की जूनमध्ये तो वारा सुटला की मी छपरावर ताडपत्री धरून असतो आणि त्या वेळी मला कुठलीही आठवण हळवं करत नाही. केशवसुत घरापासून लांब होते म्हणून त्यांना तो घरच्या माणसासारखा वाटला. घरात असते तर कौलं मोजली असती.

मग आई सहज म्हणाली, "एक घराकडे येवक मागता, एक घरातसून पळता. मगे ह्या तिसऱ्याचा घर खय?"

माझ्या हातात साडेतीनशे ग्रॅमचं फळ होतं, ते घेऊन मी तसाच उभा राहिलो. घर खय, म्हणजे घर कुठे? एवढंच तर विचारायचं होतं तिघांना! सावरकर परदेशात आहेत आणि स्वतःला पिंजऱ्यातला पोपट म्हणतात, 'शुक पंजरि'. कोलंबसाला घरच 'वीतभर कारा' वाटतं. म्हणजे दोन्ही कवितांत पिंजरा आहे, पण एकाचा पिंजरा घराबाहेर आणि दुसऱ्याचा पिंजरा म्हणजे घरच. आणि म्हणून एकच समुद्र एकाला मधे आडवा पडलेला दगाबाज वाटतो आणि दुसऱ्याला नुसता खुळा, ज्याला ओलांडून जायचंय. केशवसुतांना समुद्राशी भांडायचंच नाही, त्यांचं घर वाऱ्यावर बसून त्यांच्याकडे येतं. दहा मुद्दे कशाला, हे एक वाक्य वर लिहिलं की प्रतिमा, भाषा, भाव आपोआप त्याच्या मागून यायला लागले, जिथे लागेल तिथेच, आणि छंदाला जागा नाही मिळाली तर नाही मिळाली. तिघांना सारखी पानं द्यायची ती पंगतही मोडली. ज्याच्याकडे सांगण्यासारखं जास्त त्याला जास्त.

त्या रात्री लिहिलेल्या उत्तराला १४ मिळाले. शेरा नव्हता, नुसती बरोबरची खूण. सरांकडून ती खूण म्हणजे हार घातल्यासारखं.

पेपर कणकवलीला. सकाळची एसटी नांदगाव तिठ्यावर बंद पडली ते मी इथे सांगत बसत नाही. पेपर हातात आला, शेवटचा प्रश्न बघितला आणि पोटात गोळा आला. सागरा होती, कोलंबस होता, पण केशवसुत गायब आणि त्यांच्या जागी बालकवींची 'औदुंबर'. आठ ओळी! आठवडाभर त्या वाऱ्याशी मी इतका सलोखा केला होता, कौलांचं विसरलो होतो, आणि ऐन वेळी वारा पडला.

४० मिनिटं हातात. पुरवणीच्या मागच्या पानावर पेन्सिलीने लिहिलं, 'घर खय?' आणि औदुंबराकडे बघत बसलो. पलीकडे टेकडीकडे चार घरांचं चिमुकलं गाव आहे, पायवाट आहे, झरा आहे, आणि हा पाण्यात पाय टाकून बसलाय. ह्याला कुठे जायचंच नाहीये! एकाला पाण्यावरून घरी यायचंय, एकाला पाण्यावरून घर सोडून जायचंय, आणि तिसरा पाण्यातच पाय सोडून घरच्यासारखा बसलाय. दोघं पाण्याशी तावातावाने बोलतायत आणि हा एक शब्द बोलत नाही. मग त्या आठ ओळी लहान आहेत हीच माझ्या कामाची गोष्ट झाली, ज्याला कुठे जायचं नाही तो कशाला जास्त बोलेल, असं मी बेधडक लिहून टाकलं. 'याउलट' फक्त दोनदा. कवीच्या जन्मतारखा शून्य. बालकवींचं १८९० आणि १९१८ हाताला अगदी खाज सुटल्यासारखं येत होतं, पण दाबलं.

घंटेला पाच मिनिटं असताना पुरवणी बांधली. बाहेर आलो तेव्हा दीड वाजला होता, सकाळपासून पोटात एक वडापाव, आणि शेजारच्या हॉटेलातून कसला तरी मस्त वास येत होता. तो वास परीक्षेच्या खोलीतपण येत होता हे मला परतीच्या एसटीत खिडकीला डोकं टेकल्यावर आठवलं, आणि त्याच्या पाठोपाठ दुसरं काहीतरी आठवलं आणि मी ताठ बसलो. शेवटच्या दोन पानांवर, घाईघाईत, मी कवितेचं नाव काय लिहिलं होतं?

'कोळंबीचे गर्वगीत.'

एकदा नाही. माझ्या अंदाजाने चारदा. एके ठिकाणी तर 'कोळंबीला घर हीच कारा वाटते' असं आख्खं वाक्य आहे.

घरी आलो. जेवायला बसलो तर ताटात नेमकी तीच. मी कपाळाला हात लावून आईला सगळं सांगितलं. ती वाढत होती, थांबलीपण नाही.

"कोळंबी खयची, सुंगटां म्हण," ती म्हणाली. "आणि मगे चुकला काय? दर्यातच ऱ्हवतत ती. गर्व आसतलोच. आज वाट्याक काय भाव सांगी होती, इचार तुज्या बायलेक."