सोडून गेलेल्या माणसाचा जमाखर्च

टीसीएस ही आयटी कंपनी बारा हजार माणसे कमी करणार असल्याच्या २०२५ मधल्या बातमीचा विषय गिरीशने काढला, आणि तोही त्याच्या नेहमीच्या रिवाजाप्रमाणे, म्हणजे आधी मोबाइलवरचा आलेख सर्वांच्या नाकासमोरून फिरवून. चिंचवडच्या आमच्या कट्ट्यावर रविवारी सकाळी जमणाऱ्या मंडळींत गिरीश हा एकटाच असा आहे की ज्याला कोणत्याही बातमीत माणसांच्या आधी मार्जिन दिसते. "दोन टक्के माणसे कमी करणार म्हटल्यावर लोकांनी आभाळ कोसळल्यासारखा गळा काढला आहे," तो म्हणाला. "आयटी कंपनीचा सर्वांत मोठा खर्च पगाराचा असतो. तो घटला की नफा वाढतो. ही साधी वजाबाकी आहे. तिला मनुष्यबळ धोरण वगैरे भारदस्त नावे कशाला हवीत?"

"मग दोन टक्क्यांवरच का थांबायचे?" नानांनी विचारले. "सगळीच काढून टाका. खर्च शून्य, नफा अमर्याद."

नाना एका इंजिनिअरिंग कारखान्याच्या टाइम ऑफिसमधून निवृत्त झाले आहेत. आयुष्यभर मस्टर सांभाळल्यामुळे कोण आले, कोण उशिरा आले आणि कोण आता येणारच नाही, याचे त्यांचे ज्ञान कोणत्याही व्यवस्थापन पदवीधराहून पक्के आहे, असे माझे मत आहे, आणि ते मी लपवत नाही.

शलाका चाकणच्या एका सुट्या भागांच्या कंपनीत एचआर पाहते, त्यामुळे देशातील प्रत्येक अन्यायकारक अप्रेझलचा जाब कट्ट्यावर तिलाच विचारला जातो. बेल कर्व्हच्या नावाखाली दरवर्षी कोणाला तरी तळाशी बसवण्याच्या तिच्या कर्तव्याबद्दल तिला दोन-चार टोमणे मारून झाल्यावर तिने शांतपणे मार्क ह्युसलिड या अमेरिकी संशोधकाचा १९९५ चा अभ्यास पुढे ठेवला. ह्युसलिड यांनी ९६८ कंपन्यांची माहिती गोळा करून असे दाखवले होते की चाचणी घेऊन केलेली निवड, प्रशिक्षणाचे तास, कामगिरीशी जोडलेला मोबदला, तक्रार मांडण्याची ठरलेली सोय, आतल्याच माणसाला बढती, अशा पद्धतींचा वापर जिथे एका प्रमाण विचलनाने (म्हणजे कंपन्या सरासरीपासून साधारण जेवढ्या दूर असतात, तेवढ्या अंतराने) अधिक असतो, तिथे नोकरी सोडण्याचे प्रमाण सुमारे ७ टक्क्यांनी कमी असते आणि दर कर्मचाऱ्यामागे वार्षिक विक्री २७,०४४ डॉलरने व नफा ३,८१४ डॉलरने जास्त असतो.

"कंपनीत या पद्धती चालू आहेत, हे त्या संशोधकाला कोणी सांगितले?" नानांनी विचारले.

"एचआर प्रमुखांना टपालाने प्रश्नावली पाठवली होती."

"म्हणजे मस्टर ज्याचे त्यानेच भरले."

बापट सरांनी, ज्यांनी महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवले आणि ज्यांना अजूनही फळ्यावाचून अवघडल्यासारखे होते, तेवढ्यात न्यायाची बाजू सावरली. नफ्याचे आणि विक्रीचे आकडे एचआरवाल्यांनी सांगितलेले नसून कंपन्यांच्या प्रसिद्ध हिशेबांतून घेतलेले होते, असे ते म्हणाले. खरी अडचण दिशेची आहे. दिवाळीला घसघशीत बोनस देणारी कंपनी बोनस दिल्यामुळे श्रीमंत झाली, की श्रीमंत होती म्हणून तिला बोनस परवडला, हे एकाच वेळच्या आकड्यांवरून कळत नाही. पॅट्रिक राइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये नेमके हेच तपासले, तेव्हा आजच्या पद्धतींचा संबंध पुढच्या कामगिरीशी जेवढा दिसला, जवळपास तेवढाच तो आधी होऊन गेलेल्या कामगिरीशीही दिसला, आणि आधीची कामगिरी हिशेबात धरल्यावर पुढचा संबंध फारच फिका पडला.

"मी काय म्हणत होतो!" गिरीशने मांडीवर थाप मारली. वास्तविक तो असे काहीच म्हणत नव्हता. पण कोणत्याही वाक्याच्या शेवटी एचआरच्या विरोधात काही आले की ते आपणच बोललो होतो, असे त्याला प्रामाणिकपणे वाटते.

सरांनी त्याला हाताने थांबवले. दिशा ठरवायची असेल तर चिठ्ठ्या टाकून काही कारखान्यांना पद्धती द्याव्या लागतात आणि काहींना द्यायच्या नसतात, आणि हा प्रयोग परदेशात नव्हे, तर आपल्या तारापूरला आणि सीमेपलीकडच्या उंबरगावला झालेला आहे, असे त्यांनी सांगितले. स्टॅनफर्डचे निकोलस ब्लूम आणि त्यांचे सहकारी २००८ मध्ये तिथल्या कापड विणणाऱ्या कारखान्यांत पोहोचले. १७ कंपन्यांचे २८ कारखाने अभ्यासात होते. निवडलेल्या कारखान्यांना पाच महिने सल्लागार फुकट मिळाले, तर तुलनेसाठी ठेवलेल्यांची केवळ महिनाभर तपासणी झाली. एकंदर ३८ पद्धतींची यादी होती: कापडातील दोष रोज लिहून काढायचे, सुताच्या गोण्यांवर चिठ्ठी लावून त्या रचायच्या, यंत्र बंद पडण्याची वाट न पाहता त्याची देखभाल करायची, आणि माग चालवणाऱ्याला त्याच्या कामावर व हजेरीवर बक्षीस द्यायचे. पहिल्याच वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. हा प्रयोग करण्यापूर्वी यांतील अनेक गोष्टी मालकांना माहीतही नव्हत्या, आणि ज्या माहीत होत्या त्यांनी नफा वाढेल, असे त्यांना वाटत नव्हते.

"यातल्या मनुष्यबळाच्या किती?" गिरीशने प्रथमच शहाण्यासारखा प्रश्न विचारला. सरांनी तो मान्य केला. ३८ पैकी थोड्याच पद्धती थेट मनुष्यबळाच्या होत्या आणि १७ टक्के केवळ त्यांच्या खात्यावर टाकता येणार नाहीत. शलाकाचे म्हणणे असे पडले की दोषांची वही कोणी तरी रोज भरायची असते, आणि ती भरणारा माणूस टिकावा, एवढेच तर तिच्या खात्याचे काम आहे. सरांनी यावर कथेचा उरलेला भाग सांगितला, जो माझ्या मते अधिक मोलाचा आहे. संशोधक नऊ वर्षांनी पुन्हा त्या कारखान्यांत गेले, तेव्हा स्वीकारलेल्या पद्धतींपैकी निम्म्याच्या आसपास सुटून गेल्या होत्या, तरीही इतरांच्या तुलनेत हे कारखाने पुढेच होते. पद्धती का सुटल्या, याची जी कारणे सर्वाधिक वेळा सांगण्यात आली त्यांत दोन ठळक होती. व्यवस्थापक बदलला होता, आणि मालकाला वेळ नव्हता.

"पाहा," नाना म्हणाले, "सल्लागार मागे ठेवून गेले ती वही. शिकला होता तो मॅनेजर, आणि तो बोईसर स्टेशनावर गाडी पकडून निघून गेला."

मग त्यांनी आपल्या कारखान्यातील प्रेस शॉपचा एक प्रसंग सांगितला, जो आम्ही पूर्वी ऐकला होता, पण इतक्या सविस्तर नव्हे. तिथे एक डाय सेटर, म्हणजे प्रेसमध्ये पत्रा कापण्याचा-वळवण्याचा साचा बसवणारा, होता. अडीचशे टनी प्रेसवरचा डाय उतरवून दुसरा चढवायला त्याला चाळीस मिनिटे लागत. डायखाली कागदाएवढ्या जाडीची पट्टी, म्हणजे शिम, कुठे सरकवायची, हे तो तर्जनीने चाचपून ठरवत असे. शेजारच्या गेटवर त्याला महिना नऊशे रुपये जास्त मिळत होते. आपल्याकडे तेवढे द्या, असे तो दोनदा सांगून गेला. "वेतनश्रेणीत बसत नाही", असा शेरा मारून अर्ज परत आला आणि तो गेला. त्याच्या जागी आलेल्या मुलाला त्याच कामाला अडीच तास लागू लागले. पहिले साठ-सत्तर पीस कडेला बुर, म्हणजे खरखरीत धार, येऊन थेट भंगाराच्या पेटीत जात. मग रात्रपाळीचा ओव्हरटाइम वाढला, मग ग्राहकाकडून माल परत आला, मग त्या मालाचे पैसे कापल्याची डेबिट नोट आली.

इथे मला हिशेबनीस म्हणून तोंड उघडावे लागले, कारण ही सारी प्रकरणे पुढे आमच्या टेबलावर कोणत्या वेषात येतात, हे मला ठाऊक आहे. ओव्हरटाइम पगारात जातो, भंगार कच्च्या मालाच्या वापरात मिसळते, डेबिट नोट विक्रीतून वजा होते, आणि वाचलेले नऊशे रुपये मात्र पगारखर्चातील बचत म्हणून स्वच्छ दिसतात. सेटर गेल्याचा तोटा कोणत्याही खात्यावर लिहिलेला नसतो. प्रशिक्षणाचा खर्च ताळेबंदात मालमत्ता म्हणून दाखवू द्यावा, असे कोणी म्हणाले तर लेखा मानक त्याला आडवे येते, आणि त्याचे कारणही सयुक्तिक आहे: शिकलेला माणूस उद्या राजीनामा देऊ शकतो, कंपनीचा त्याच्यावर ताबा नसतो. इन्फोसिस अनेक वर्षे आपल्या वार्षिक अहवालात मनुष्यबळाचे मूल्य स्वतंत्र तक्त्यात छापत असे. लेव्ह आणि श्वार्ट्झ यांच्या पद्धतीने, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या पुढील पगारांची आजची किंमत काढून.

"म्हणजे पगार वाढवला की संपत्ती वाढते?" नाना ताठ बसले. "हे आमच्या मालकांना त्या वेळी कोणी सांगितले असते, तर तो अर्ज परत आला नसता."

गिरीशला मी विचारले की २०२२-२३ पासून सेबीने सर्वांत मोठ्या हजार सूचिबद्ध कंपन्यांना नोकरी सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण तीन वर्षांच्या तुलनेसह जाहीर करायला लावले आहे, तो तक्ता शेअर घेण्यापूर्वी तू पाहतोस काय. त्याने तो कधी उघडलेला नव्हता. एवढ्या मागच्या पानांपर्यंत कोणी जात नाही, असे त्याचे उत्तर होते, आणि ते उत्तर देताना त्याला तिळमात्र संकोच वाटला नाही.

कोपऱ्यात सापडल्यावर तो कंत्राटी कामगारांकडे वळला. काम असेल तेव्हा माणूस, नसेल तेव्हा नाही, हाच पुढचा काळ आहे. कायम कामगार डोक्यावर बसतात, असे सांगून त्याने बजाज ऑटोच्या चाकण कारखान्यातील २०१३ चा संप काढला. तेव्हाच्या पन्नास दिवसांच्या त्या संपात कामगारांनी कंपनीचे शेअर सवलतीत मागितले होते आणि कंपनीने ते दिले नव्हते, ही गोष्ट त्याला अजूनही विनोदी वाटते. "कामगार आणि शेअर!" तो हसला.

"तू घरात बसून शेअर घेतोस तेव्हा तू कंपनीचा भागधारक," नाना म्हणाले, "आणि जो तिथे रोज आठ तास उभा राहतो त्याने मागितला की विनोद. बरे आहे."

शलाकाने संधी साधून मोटारी बनवणाऱ्या हेन्री फोर्डला बोलावले. १९१३ मध्ये फोर्डच्या कारखान्यात माणसे बदलण्याचे प्रमाण ३७० टक्के होते, म्हणजे एकेका जागेवर वर्षभरात तीन-चार माणसे येऊन जात. जानेवारी १९१४ मध्ये रोजचा मोबदला पाच डॉलर, म्हणजे जुन्याच्या दुपटीहून अधिक, झाला आणि पाळी आठ तासांवर आली. १९१५ पर्यंत ते प्रमाण १६ टक्क्यांवर उतरले. फोर्डने पुढे स्वतःच लिहिले की खर्च कमी करण्यासाठी आपण जे काही केले, त्यातला हा एक उत्तम निर्णय होता. तिचा सूर विजयाचा होता आणि मीही तिच्या बाजूने मान हलवत होतो, पण नानांनी तिलाही सोडले नाही. त्या पाच डॉलरांतला जवळपास निम्मा भाग नफ्यातील वाटा म्हणून मिळत असे आणि तो मिळण्यासाठी फोर्डची माणसे घरी येऊन तुम्ही दारू पिता काय, घर स्वच्छ ठेवता काय, याची चौकशी करत, याची त्यांनी आठवण करून दिली. "तुमच्या खात्याचा जन्म तिथलाच असावा," असे ते म्हणाले. शलाकाने सांगितले की तिच्या कंपनीत लोकांच्या घरी जाण्याइतका प्रवासभत्ता मंजूर होत नाही.

चर्चा इथे मार्गी लागली होती, पण हजेरीचा उल्लेख निघाल्यावर गिरीशला जुने दुखणे आठवले. तो ऐन तारुण्यात नानांच्याच कारखान्यात अप्रेंटिस होता, आणि एकदा पीएमटीची बस बंद पडल्यामुळे सात मिनिटे उशीर झाला असता नानांनी त्याच्या नावापुढे लाल शाईने अर्धा दिवस मांडला होता. कंपन्यांचे नुकसान कोण करते, ते बघायचे असेल तर समोर बघा, असे त्याने आम्हाला आवेशाने सांगितले. त्या लाल शाईमुळेच आपण नोकरी सोडली. कारखान्याने एक होतकरू माणूस गमावला, आणि शलाकाच्या त्या ह्युसलिडचा सिद्धांत इथे अक्षरशः सिद्ध होतो.

"तू गेल्यानंतरच्या वर्षी आमचे उत्पादन वाढले होते," नाना म्हणाले. "त्या शाईचे पैसे मी कंपनीकडे मागायला हवे होते."

"तो गेल्यामुळे वाढले, की आधीपासूनच वाढत होते?" बापट सरांनी अत्यंत गंभीरपणे विचारले.

गिरीशने अर्ध्या दिवसाचा विद्यावेतनाचा आकडा चक्रवाढ व्याजासह वसूल करण्याची घोषणा केली आणि मोबाइलवर गणित मांडायला घेतले. शलाकाने त्याला विचारले की नोकरी सोडताना फुल अँड फायनलच्या, म्हणजे सगळा हिशेब मिटल्याच्या, कागदावर सही केली होती काय. केली होती, असे तो म्हणाला. मग आता तुझे कंपनीकडे काहीही येणे नाही, असा निकाल तिने खास खात्याच्या आवाजात दिला, त्यावर नाना इतके हसले की त्यांना ठसका लागला. आणि गिरीश मात्र व्याजाचा दर आठ टक्के धरावा की बारा, हे मलाच विचारत राहिला.